नळी हालली नाही पाहिजे

गच्चीवर जुनी सुती साडी अंथरून रंभाबाई वड्या घालत होत्या. रखियाच्या वड्या. पांढरा कोहळा किसून, पिळून, वाटलेल्या उडदाच्या डाळीत चांगला फेटायचा आणि चिमूट चिमूट साडीवर सोडायचा. कार्तिकातलं ऊन लागलं की खडखडीत वाळतात आणि वर्षभर भाजीत पडतात. माहेरी भंडाऱ्याकडे त्यांनी मुगाच्या वड्या घातल्या होत्या. या वड्या त्या भिलाईत आल्यावर छत्तीसगढी शेजारणींकडून शिकल्या. नामस्मरण करत वड्या घालायच्या, म्हणजे त्या एकसारख्या पडतात असा त्यांचा अनुभव. साडी निम्मी भरली होती, निम्मी कोरी होती, तेवढ्यात खालून हाक आली.

"रंभा, जरा खाली ये. तार धराले माणूस पायजे."

"हात भरले हायेत माझे."

"तारेले काय होते भरल्या हातानं."

रंभाबाईंनी पातेल्यावर ताट झाकलं आणि त्या जिना उतरल्या. फेटलेलं पीठ ठेवलं की आंबतं, हे त्यांना माहीत होतं. नवरा एकदाच हाक मारून थांबत नाही, हेही माहीत होतं.

तेजराम कापगते अंगणात जुन्या डिझेल जीपखाली पाठीवर पडले होते. बाहेर फक्त पाय दिसत होते. साकोलीकडच्या खेड्यातून हा माणूस मिसरूड फुटायच्या वयात भिलाईला आला, स्टील प्लांटमध्ये लागला आणि गॅसच्या लायनींवर वेल्डिंग करता करता रिटायर झाला. टाउनशिपचं क्वार्टर सोडून वैशाली नगरात घर बांधलं. जीप एका ठेकेदाराने विकायला काढली तेव्हा घेतली. तिचं वय विचारलं की ते म्हणत, "माह्यापेक्षा लहान हाय."

गॅसच्या लायनीत गळती म्हणजे काय, ते सांगायला नको. त्यामुळे आयुष्यभर तेजरामभाऊंनी एकच गोष्ट पाहिली होती: सांधा पक्का आहे का, आणि नळी जागची हालते का. ही सवय ते घरी घेऊन आले. घरातली कपड्यांची दांडी भिंतीतल्या लोखंडाला वेल्ड केलेली. गॅसची शेगडी ज्या टेबलावर, त्या टेबलाचे पाय फरशीत गाडलेले. मुलगी दिपाली शाळेत असताना तिला अभ्यासाचं टेबल करून दिलं, तेही भिंतीला जाम. पुढे दिपाली लग्न होऊन रायपूरला गेली आणि टेबल अजून तिथेच आहे. केर काढताना रंभाबाईंना फर्निचर सरकवावं लागत नाही, कारण ते सरकतच नाही. तुळशीचं वृंदावन तेवढं सिमेंटचं म्हणून सुटलं, तरी त्याच्या भोवती भाऊंनी अँगलची चौकट बसवलीच.

"हे धर," जीपखालून आवाज आला आणि पाठोपाठ जाड तारेचं एक टोक बाहेर आलं. "अन् मी म्हणेन तवा वाकव."

जुना सायलेन्सर गंजून चाळणी झाला होता. त्याच्यावर पत्रा गुंडाळून, वर तार बांधून भाऊंनी एक वर्ष काढलं. आता नवा सेट आणला होता. इंजिनाजवळचा वाकडा पाइप, सायलेन्सरचा डबा, मागची नळी, आणि जाळीचा एक आखूड लवचीक पाइप. या जीपचे मूळ पार्ट आता मिळत नाहीत. पॉवर हाउस बाजारातल्या दुकानदाराने दुसऱ्याच कुठल्या गाडीचा माल समोर ठेवला आणि म्हणाला, "सब में लग जाता है काका, बस थोड़ा एडजस्ट करना पड़ेगा।"

आता ते "थोड़ा" चाललं होतं. डबा जुन्यापेक्षा जाड. जीपच्या पोटाखाली जागा कमी. मधोमध फिरणारा प्रोपेलर शाफ्ट, एका बाजूला डिझेलची बारीक नळी, दुसऱ्या बाजूला हँडब्रेकची केबल, आणि मागच्या दाराखाली पायदान, जे भाऊंनी स्वतःच बसवलं होतं. नवा पाइप या सगळ्यांच्या मधून न्यायचा होता. आधी तार वाकवून रस्ता ठरवायचा, मग त्या तारेप्रमाणे पाइप कापून जोडायचा.

"पायदान काढून टाका ना तेवढं," कुंपणापलीकडून गुलाबराव म्हणाले. गुलाबराव भाऊंच्याच तालुक्यातले. प्लांटच्या आतली रेल्वे चालवून रिटायर झालेले. त्यांना दिवसभर काम नसतं आणि कुंपण उंच नाही.

"पायदान कोणासाठी हाय, माईत हाय ना?"

"बाईसाठी."

"मंग. जे आधी आलं त्याची जागा आधी. नवी लाइन जुनीले वळसा घालून जाते. आमच्यात असंच होतं."

"तुमच्यात बाप्पा सगळं असंच होतं," गुलाबराव म्हणाले आणि सुपारी कातरू लागले.

बाई म्हणजे भागीरथाबाई. भाऊंची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा भाऊंना भागीरथाबाईंनी वाढवलं. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, दंडारीचा खेळ पाहायला खांद्यावर बसवून न्यायची, हे भाऊ अजून सांगतात. तिचं सासर गावातल्या गावातच. नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि आता दमा. भावाने बोलावून बोलावून गेल्या वर्षी ती एकदाची भिलाईला राहायला यायला तयार झाली. भाऊ जीप घेऊन गेले. गाव सोडलं आणि थोड्या वेळात गाडीत खालून धूर यायला लागला. देवरीला भागीरथाबाई खाली उतरल्या, धाप लागलेली, बोलता येईना. बसून राहिल्या. मग साकोलीकडे जाणारी बस आली तशी हात दाखवून चढल्या आणि परत गेल्या.

या वर्षी मंडई झाल्यावर तिचा फोन आला. तो रंभाबाईंनीच घेतला होता.

"तेज्याले सांग, मी येऊन पाहते. पण तुमच्याच गाडीत. परक्याच्या गाडीत बसून मी आपलं घर सोडत नाही. अन् पुन्हा धूर आला, तर मी उतरीन. मंग मले आणाले येऊ नका. शेवटचं सांगते."

दिपालीला हे कळलं तेव्हा ती आईला म्हणाली, "आई, टॅक्सी कर लो ना सीधे. बाबा पण ना." रंभाबाईंनी सांगितलं की टॅक्सीत तुझी आत्या बसणार नाही आणि टॅक्सीत तिला तुझे बाबा बसवणार नाहीत. दिपाली म्हणाली, "दोनों सेम है।"

तार वाकवून झाली. मग पाइप कापणं, टाके मारणं, काढून बाहेर घेणं, पुरी वेल्डिंग करणं आणि पुन्हा आत बसवणं, असं चाललं. डिझेलच्या नळीजवळून पाइप जात होता, तिथे मधे भाऊंनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आडोसा केला. डबा जरा तिरका ठेवला, तेव्हा तो शाफ्ट आणि पायदानाच्या मधे बसला. मग चेसिसच्या सांगाड्याला जाड पट्ट्या वेल्ड केल्या आणि त्यांच्यात पाइप आणि डबा आवळून टाकला. रंभाबाईंनी हाताने हालवून पाहिला. खांबासारखा.

"अन् हे?" त्यांनी जाळीचा आखूड पाइप उचलून दाखवला.

"ते राहू दे."

"दुकानदारानं दिलं ना सोबत."

"त्याले काय होते द्याले. लाइनीत जिथं लवचीक जोड, तिथंच आमी पहिले गळती पाहाले जाऊ. मी त्याच्याजागी सरळ पाइप टाकला. नळी हालली नाही पाहिजे, बस."

जाळीचा पाइप फळीवर गेला. फळीही लोखंडी, अर्थातच भिंतीला जाम.

तोवर वड्यांच्या पिठाला आंबूस वास सुटला होता. उरलेल्या अर्ध्या पिठाची रंभाबाईंनी संध्याकाळी भजी केली. गुलाबरावांनाही वाटीभर दिली. ते म्हणाले, "तेजरामचं काम रोज निघू द्या, वहिनी."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी साबणाचं पाणी मागितलं. प्लांटमध्ये गळती अशीच पाहायचे. रंभाबाईंनी भांड्यात साबण किसून फेस केला. गाडी थंड असतानाच सुरू करायची, पाइप तापायच्या आत प्रत्येक सांध्याला कुंचल्याने फेस लावायचा आणि बुडबुडे फुगतात का पाहायचं. भाऊंनी एकेक सांधा केला. फेस जसाच्या तसा राहिला. मग तापून सुकला. भाऊ हात पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "चाल, जामुलले जाऊन येऊ."

जामुलला रंभाबाईंच्या भजनमंडळातल्या सिंधुताई राहतात. सिंधुताईंचा पाय मुरगळला होता, तेव्हा भेटायचं होतंच. रस्ता खराब होता. सिमेंटच्या ट्रकांनी उखणून टाकलेला. जाताना काही झालं नाही. आवाजही मागच्यापेक्षा बरा. सिंधुताईंकडे चहा झाला, पाय पाहून झाला. येताना रंभाबाईंच्या नाकाला वास आला. त्या आधी बोलल्या नाहीत, कारण पुढे ट्रक होता. ट्रक मागे पडला. वास राहिला.

"जी, धूर येऊन राहिला."

"ट्रकचा असंल."

"ट्रक मांगं गेला."

"मंग रस्त्यावरचा असंल. जामुल हाय हे."

"माह्या पायाखालून येऊन राहिला," रंभाबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर भाऊ खाली शिरले. इंजिनाजवळच्या सांध्यापाशी पाइपला बारीक भेग होती. त्यांनी ती बोटाने चाचपली. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "माझा टाका तुटला नाई. टाक्याच्या बाजूचा पाइप फाटला."

"पण फाटला ना."

"टाका नाई तुटला म्हणतो मी."

या बाबतीत भाऊंशी बोलून उपयोग नसतो. त्यांनी भेगेवर जाड पत्र्याचं ठिगळ लावलं, चहूकडून वेल्डिंग केली आणि चेसिसला आणखी एक पट्टी मारली, म्हणजे पाइप आणखी पक्का. साबणाचं पाणी लावून पाहिलं, ठीक. त्या आठवड्यात त्यांनी गाडी धमध्याच्या रस्त्याने लांबवर नेली. रंभाबाई मागच्या बाकावर बसल्या, जिथे भागीरथाबाई बसणार होत्या तिथेच. त्यांनी तोंडात लवंग ठेवली नाही, पदराला अत्तर लावलं नाही, म्हणजे वास नीट कळावा. अर्धा रस्ता ठीक गेला. मग घसा खवखवला, आणि डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिडकीची काच खाली केली. आरशात भाऊंनी पाहिलं. तिथून त्यांनी गाडी वळवली.

भेग आता ठिगळाच्या पलीकडे होती.

गुलाबराव कुंपणाशी आलेच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सुपारी गालात सरकवून म्हणाले, "म्हणजे टाका साबूत, ठिगळ साबूत, पट्ट्या साबूत. फक्त धूर आत. असं ना?"

"तू आगगाडी चालवली. तुले यातलं काय कळते."

"नाई बाप्पा. मी आपला डबे जोडत होतो. आमचे तर एकमेकाले आदळत, हालत, तरी पोचत."

भाऊ त्या दिवशी जेवायला नीट बसले नाहीत. भागीरथाबाईंना आणायचा दिवस जवळ आला होता. रंभाबाईंनी तुळशीपाशी दिवा लावला आणि मनातल्या मनात बाईंचा प्रवास देवावर सोडला. देवावर सोडलं तरी पाइप आपल्यालाच नीट करावा लागणार, हेही त्यांना दिसत होतं. आणि एक भीती त्यांना भाऊंपेक्षा जास्त होती. बाई दुसऱ्यांदा उतरली, तर भाऊ तिला पुन्हा बोलावणार नाहीत, आणि ती तिथे एकटी धापत राहील. दोघंही एका आईची. एकदा बोललं की हालणार नाहीत.

सकाळी भाऊंनी बॉनेट उघडलं. "सुरू करतो, तू इथं उभी राहून आयक, कुठून फुसफुस येते."

रंभाबाई उभ्या राहिल्या. इंजिन थडथडत सुरू झालं. फुसफुस ऐकू येत होती, पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच गेलं. इंजिन सगळंच्या सगळं थरथरत होतं. भाऊंनी बंद केलं, तेव्हा ते अंग झटकून एका बाजूला झुकलं आणि थांबलं. मोठं इंजिन, म्हशीने पाठ हालवावी तसं.

"पुन्हा करा," रंभाबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"करा तर."

पुन्हा सुरू, पुन्हा बंद. इंजिन पुन्हा झुकलं. त्याला जोडलेला पाइप मात्र चेसिसच्या पट्ट्यांत आवळलेला, जागच्या जागी. दोघांच्या मधे ती भेग.

"जी, इंजिन हालते. नळी हालत नाही."

"नळी हालली नाही पाहिजे."

"तुमच्या प्लांटातलं काही नाचत नव्हतं ना असं. हे नाचते. त्याचा हात धरून तुमी भिंतीले बांधला. मंग तो ओढणारच."

भाऊ गाडीतून उतरले. बॉनेटपाशी आले आणि इंजिनाकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "तू सुरू कर. चावी फिरव फक्त." रंभाबाईंनी चावी फिरवली, सांगितलं तेव्हा बंद केली. असं कितीदा तरी झालं. रंभाबाईंचा वरणाचा कुकर राहिलेला, पण त्या उठल्या नाहीत.

शेवटी भाऊ आत गेले आणि फळीवरून जाळीचा आखूड पाइप घेऊन आले. दोन्ही हातांनी वाकवून पाहिला, पिळून पाहिला. एक टोक तोंडाला लावून, दुसरं तळहाताने दाबून फुंकून पाहिला.

"गळत नाई," ते म्हणाले.

रंभाबाई कुकर लावायला आत गेल्या.

भाऊ स्वतः पॉवर हाउसला जाऊन सायलेन्सर टांगायचे रबर घेऊन आले. दुकानदार काय म्हणाला ते त्यांनी सांगितलं नाही, पण चेहऱ्यावरून ते कळत होतं. मग चेसिसच्या पट्ट्या ग्राइंडरने कापल्या. स्वतःची वेल्डिंग स्वतः कापताना त्यांचा वेळ गेला, कारण ती फार पक्की होती. इंजिनाजवळ जाळीचा पाइप घातला. पुढचा पाइप आणि डबा रबरांत टांगला. रंभाबाईंनी हात लावला, तर डबा झुलला.

"झुलते हो."

"झुलू दे," भाऊ म्हणाले. ते म्हणताना त्यांना त्रास झाला.

पण झुलणारी वस्तू जास्त जागा मागते. गाडी सुरू झाल्यावर डबा पायदानाच्या आडव्या पट्टीला टक टक लागायला लागला. डबा पलीकडे सरकवावा, तर शाफ्ट. वर घ्यावा, तर केबल. भाऊ पाठीवर पडून पाहत राहिले. जे आधी आलं त्याची जागा आधी, हे त्यांचंच वाक्य. रंभाबाई खाली वाकून म्हणाल्या, "पट्टीचा एक कोपरा कापून पाहता का. पायदान नाही काढायचं. फक्त कोपरा."

"मंग ते भार घेईल का?"

"कापा. मी उभी राहून पाहते. बाई माझ्यापेक्षा निम्मी हाय."

कोपरा कापला, खालून दुसरीकडे आधार दिला. रंभाबाई पायदानावर उभ्या राहिल्या, जरा उडीही मारली. कुंपणापलीकडून गुलाबराव म्हणाले, "वहिनी, सांभाळून. गाडी जुनी हाय." रंभाबाईंनी पदर सावरला आणि उतरल्या. टक टक बंद झालं होतं. धुराची मागची नळी भाऊंनी दाराच्या उलट बाजूला काढली.

मग धमध्याच्या रस्त्याने पुन्हा एकदा जाऊन आले. रंभाबाई मागे बसल्या. या वेळी त्यांनी भजन म्हटलं, घसा बसतो का पाहायला. बसला नाही. घरी येऊन गाडी निवल्यावर भाऊंनी सगळे बोल्ट पुन्हा आवळले. तापून निवलं की बोल्ट ढिले पडतात.

त्याच दिवशी भाऊ बाईसाठी पुढच्या खोलीत लोखंडी पलंग बसवत होते. ड्रिल काढलं, तेव्हा रंभाबाई दारात आल्या.

"भिंतीले नका मारू."

"हालते मंग."

"तिले खिडकीकडे सरकवावासा वाटला तर? थंडीत इकडे, उन्हाळ्यात तिकडे. तिचं तिले पाहू द्या."

भाऊंनी ड्रिल खाली ठेवलं नाही, पण भिंतीला लावलंही नाही. थोड्या वेळाने ते वायर गुंडाळताना दिसले.

ठरलेल्या दिवशी पहाटेची पूजा उरकून दोघं निघाली. गावात भागीरथाबाई तयारच होत्या. एक पत्र्याची पेटी, एक गाठोडं. दाराला कुलूप लावून किल्ली त्यांनी कमरेला खोवली.

भाऊ म्हणाले, "किल्ली शेजारी दे. घर पाहतीन ते. अन् वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, देऊन टाकू कायमचं."

"किल्ली माझ्याजवळ राहीन."

"बाई, तू आता तिकडं राहाले चालली."

"राहून पाहाले चालली. मंडईले मले इथी आणजो. बोल, आणशीन का?"

भाऊ रंभाबाईंकडे पाहू लागले. रंभाबाई पेटी उचलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"आणतो," भाऊ म्हणाले.

भागीरथाबाई पायदानावर पाय ठेवून वर चढल्या. त्यांनी पदर आधीच नाकाला लावला होता. साकोली गेली, सडक चांगली होती, गाडी चालत होती. रंभाबाईंनी नाक उघडं ठेवलं होतं आणि मनात नाम चालू होतं. देवरी जवळ आली, तसे भाऊ वाजवीपेक्षा हळू चालवू लागले.

"थांबव," मागून भागीरथाबाई म्हणाल्या.

भाऊंनी गाडी कडेला घेतली. हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. मागे वळून पाहिलं नाही. रंभाबाईंनी दार उघडलं. भागीरथाबाई पायदानावरून उतरल्या आणि गाडीच्या मागे गेल्या. इंजिन चालूच होतं. त्यांनी मागच्या नळीच्या तोंडाशी, पण जरा दूर, तळहात धरला. तळहात नाकाशी नेला. नाक मुरडलं. मग गाडीच्या आत डोकं घालून पुन्हा वास घेतला. समोरून साकोलीची बस आली आणि गेली. भागीरथाबाईंनी तिच्याकडे पाहिलंही, पण हात वर केला नाही.

"धूर बाहेर जाऊन राहिला," त्या म्हणाल्या.

"हो," रंभाबाई म्हणाल्या.

"मांगच्या वेळी कावून नाई केलं असं?"

भाऊ समोर पाहत म्हणाले, "मांगच्या वेळी अक्कल नव्हती."

"आता आली?"

"थोडी आली."

"चाल मंग," भागीरथाबाई म्हणाल्या आणि चढून बसल्या. राजनांदगाव यायच्या आधी पदर नाकावरून खाली आला होता आणि त्या झोपल्या होत्या. तोंड उघडं, श्वास जरा घरघरता, पण चालू. भाऊंनी आरशात दोन-तीनदा पाहिलं. मग पाहणं सोडलं.

घरी आल्यावर भागीरथाबाईंनी आधी सगळं घर फिरून पाहिलं. कपड्यांची दांडी हालवून पाहिली, शेगडीचं टेबल ढकलून पाहिलं, भिंतीला जाम केलेल्या अभ्यासाच्या टेबलावर थाप मारली. "हे सारं यानंच केलं ना?" त्यांनी विचारलं. रंभाबाईंनी मान हालवली. मग त्या पुढच्या खोलीत गेल्या. पलंगाला गुडघा लावून बघितला. तो सरकला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, पेटी त्याच्याखाली लोटली आणि वर बसल्या. भाऊ दारातून पाहत होते. अंगणात जाऊन त्यांनी जीपखाली मान घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाबाईंनी तुळशीला पाणी घातलं आणि चहा नेऊन दिला. भागीरथाबाईंनी चहा घेतला नाही. हातातली रिकामी डबी पुढे केली.

"हे संपलं. तोंड धुतल्याबिगर चहा कसा पिऊ?"

गुडाखूची डबी होती. तंबाखू आणि गुळाचं ते काळं मिसरीसारखं, हिरड्यांना लावायचं. दम्याच्या माणसाने, धुरापायी भावाची गाडी वर्षभर नाकारणाऱ्या माणसाने. रंभाबाईंनी डबी हातात घेतली, उघडून वास घेतला आणि मिटली. डॉक्टरांना विचारून मगच, असं म्हणणार होत्या. मग खिडकीशी सरकवलेल्या पलंगावर बसलेल्या नणंदेकडे त्यांनी पाहिलं.

"कोणती आणू? हीच?"

"हीच. दुसरी आणशीन तर परत पाठवीन."

रंभाबाईंनी चप्पल घातली, पिशवी घेतली आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर गुडाखूची डबी आणायला गेल्या.